मैदानाच्या कडेवरून : दुसरीच्या हातात चेंडू

(या सदरात वाचकांच्या खेळविषयक प्रश्नांना उत्तरं देणारे लेखक बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत ३३ वर्षं क्रीडाशिक्षक होते.)

प्रश्न : माझा नातू बंगळुरात शिकतो. सुट्टीला आला की मोबाईलवर अमेरिकन फुटबॉल बघत बसतो. हेल्मेट घातलेली माणसं एकमेकांवर आदळतात आणि चेंडू हातात घेऊन पळतात. मग याला फुटबॉल का म्हणायचं? आणि तो सारखा ‘क्वार्टरबॅक, क्वार्टरबॅक’ करतो, तो कोण?
— एक आजोबा, चिकोडी

उत्तर : अण्णा, नाव जुनं राहिलं आणि खेळ बदलत गेला. पायाने खेळायचा फुटबॉल आणि रग्बी, या दोन्हींच्या पोटी हा खेळ जन्मला. रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झालेल्या सामन्यापासून त्याची सुरुवात मानतात. त्या दिवशी चेंडू हातात घेऊन पळायला मुभाच नव्हती. हाताने पुढे फेकायला तर १९०६ साली परवानगी मिळाली.

चार संधींत दहा यार्ड पुढे सरकायचं, हा खेळाचा कणा. यार्ड म्हणजे आपल्या कापडवाल्याचा वार, तीन फूट. म्हणून मी खाली सगळीकडे वारच लिहिलंय. आक्रमण करणाऱ्या अकरा जणांत चेंडू आधी ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. पळणाऱ्याच्या हातात द्यायचा, लांब उभ्या असलेल्याकडे फेकायचा की स्वतःच पळायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. गाडीला बैल किती का असेनात, कासरा एकाच्या हातात असतो. नातवाला म्हणावं, आजोबांना शेजारी बसवून एक सामना पूर्ण दाखव. दुसऱ्या सामन्याला तुम्हीच त्याला प्रश्न विचारायला लागाल.

प्रश्न : सर, मी खानापूर तालुक्यात कॉलेजच्या मुलींना फ्लॅग फुटबॉल शिकवते. पाच-पाच जणींचा खेळ आहे, कमरेला दोन्ही बाजूंना फीत लावायची, ती ओढली की डाव थांबतो, धक्काबुक्की नाही. आमची क्वार्टरबॅक हलशीच्या रस्त्यावर स्कूटीवरून पडली आणि तिचं कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. स्पर्धा १९ दिवसांवर आलीय. ती ३५ वार फेकायची आणि आमचे सगळे डाव तिच्या लांब फेकीवर बसवलेले. दुसरी मुलगी खो-खोतून आलेली, बुटकी, तिचा चेंडू १८ वारांच्या पुढे जात नाही. रोज शंभर लांब फेकी करून घेतेय, खरं काही फरक नाही. आणि आता ती मैदानावर गप्प गप्प असते. नियमपत्रक असं आहे : मैदान ५० वार, स्वतःच्या ५ वारांवरून सुरुवात, चार संधींत मध्यरेषा ओलांडायची, पुढच्या चार संधींत टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे. क्वार्टरबॅकवर धावून येणारीने ७ वार मागून निघायचं. मध्यरेषेच्या आणि शेवटच्या रेषेच्या आधीच्या ५ वारांत चेंडू घेऊन पळायला बंदी. काय करू?
— एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : मॅडम, तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी फोन केला, कारण अंक छापून येईपर्यंत तुमची स्पर्धा उरकलेली असणार. तरी उत्तर इथे सविस्तर लिहितोय. हाच पेच सीमाभागातल्या कितीतरी शिक्षकांना दरवर्षी पडतो, खेळ कुठलाही असो.

फोनवर पहिलं जे सांगितलं तेच इथेही पहिलं : त्या शंभर लांब फेकी बंद करा. एकोणीस दिवसांत दंडात ताकद येत नाही, खांदा मात्र सुजतो.

ती गप्प का झाली हेही मला ठाऊक आहे. १९९८ साली माझ्या शाळेचा कबड्डी संघ तालुक्याच्या अंतिम सामन्यात पोचला होता. आमचा मुख्य चढाईपटू उंच, लांब हातांचा. कोपऱ्यातल्या गड्याला वरच्या वर हात लावून परत यायचा. सामन्याच्या चार दिवस आधी तो टायफॉईडने आडवा झाला. त्याच्या जागी घेतलेला पोरगा आखूड बांध्याचा, खरं पाय विजेसारखा. पाठ फिरवल्यासारखं करून मागच्या मागे असा पाय मारायचा की पकडणाऱ्याला कळायच्या आत गुण जायचा. आणि मी चार दिवस त्याला शिकवलं काय, तर हात लांब करून वरून शिवायला. “त्याच्यासारखं खेळ, बाकीचं मी बघतो,” असं म्हणालो. पहिल्या पाच चढायांत तीनदा त्याची पकड झाली. सामना गेला. तो पोरगा दुसऱ्या दिवसापासून मैदानावर आला नाही. काही वर्षांनी संकेश्वरात भेटला, टेम्पो चालवत होता. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “सर, तवा मला पाय मारायला सांगितला असता तर?” मी त्याचा हात धरून नुसता उभा राहिलो.

त्याला काय सांगायला हवं होतं ते मला वीस वर्षांनी, परमुलखात कळलं. २०१७च्या ऑक्टोबरात मी आणि आमची मंडळी लेकीकडे गेलो. ती फिलाडेल्फियाच्या पलीकडे, नदी ओलांडून न्यू जर्सीत राहते. रविवारी जावई फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचा सामना लावायचे आणि मला एकेक डाव उलगडून सांगायचे. ईगल्सचा क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झ त्या वर्षी भलताच भरात होता. १० डिसेंबरला लॉस एंजेलिसमध्ये रॅम्सविरुद्ध तो रेषेकडे झेपावला आणि त्याच्या गुडघ्यातला अस्थिबंध फाटला. त्याच पायावर उभं राहून त्याने आणखी एक टचडाउन फेकलं आणि मग बाहेर गेला. आत आला निक फोल्स. आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं.

हा फोल्स काही कच्चा नव्हता. २०१३च्या हंगामात याच ईगल्सकडून त्याने २७ टचडाउन फेकले होते आणि इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी मध्येच झेललेले चेंडू, अवघे दोन. मग संघ बदलत गेले, मन विटलं, २०१६ साली तो खेळ सोडायच्या बेतात होता. दोघांची जात वेगळी होती. वेन्ट्झ अंगावर माणूस लटकलेला असतानाही निसटून, पळता पळता फेकणारा. फोल्स जागेवर उभा राहून, एकदा ताल सापडला की भराभर फेकणारा. सुरुवातीचे सामने रडतखडत गेले. ३१ डिसेंबरला घरच्या मैदानावर डॅलसविरुद्ध, तो जेवढा वेळ खेळला तेवढ्यात ११ पैकी ४ पास लागले, एकूण ३९ वार. संघ ०–६ हरला. जावयांनी टीव्ही बंद करून टाकला.

मग बाद फेरीच्या आधी संघाला जवळजवळ दोन आठवडे मोकळे मिळाले. इथून पुढचं नीट वाचा, मॅडम, कारण तुमच्या एकोणीस दिवसांचं काम यातच आहे. मुख्य प्रशिक्षक होते डग पीडरसन आणि आक्रमणाची आखणी करणारे त्यांचे सहायक फ्रँक राइख. दोघेही स्वतः खेळाडू असताना दुसऱ्या क्रमांकाचे क्वार्टरबॅक. पीडरसन ब्रेट फार्वच्या मागे बसलेले, राइख जिम केलीच्या मागे. याच राइखने ३ जानेवारी १९९३ रोजी बफेलो संघ ३–३५ असा मागे पडलेला असताना सामना ४१–३८ असा फिरवला होता. बाकावरून उठून आत जाणाऱ्याच्या पोटात काय कालवतं, हे या दोघांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी फोल्सच्या २०१३च्या सामन्यांची चित्रणं काढून बघितली. तुला कुठले डाव आवडतात, हे त्यालाच विचारलं. आणि ज्याला आरपीओ, म्हणजे रन-पास ऑप्शन म्हणतात, ते डाव वाढवले.

हा आरपीओ तुमच्या मुलीसाठी फार मोलाचा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. क्वार्टरबॅक चेंडू पळणाऱ्याच्या पोटाशी नेतो आणि तिथेच एक क्षण धरतो. नजर बचावातल्या एकाच माणसावर. तो पळणाऱ्याला अडवायला पुढे आला, तर चेंडू काढून घ्यायचा आणि त्याने सोडलेल्या रिकाम्या जागेत छोटा पास टाकायचा. तो जागेवर राहिला, तर चेंडू पळणाऱ्याला देऊन मोकळं व्हायचं. सगळं मैदान बघायचं नाही. एक माणूस आणि एक निर्णय.

१३ जानेवारीला फोल्सचे ३० पैकी २३ पास लागले आणि अटलांटा १५–१० हरली. पुढच्या सामन्यात मिनेसोटाला ३८–७ धुतलं. ४ फेब्रुवारी २०१८ला मिनियापोलिसमध्ये सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना होता, समोर न्यू इंग्लंड. ईगल्स ४१–३३ जिंकले, फोल्सने ३७३ वारांचे पास दिले आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण मला दिसतं ते मध्यंतराला ३८ सेकंद उरलेले असतानाचं चित्र. चौथी संधी, रेषा एका वारावर. फोल्स कडेला आला आणि त्यानेच पीडरसनना एक डाव सुचवला. चेंडू त्याच्याकडे आलाच नाही. एकाने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने फेकला आणि फोल्सने स्वतः रेषेपलीकडे झेलला. पाच आठवड्यांपूर्वी ०–६च्या सामन्यात बाहेर काढलेला माणूस एवढ्या मोठ्या सामन्यात प्रशिक्षकाला डाव सुचवतो! मला संकेश्वरचा तो टेम्पोवाला आठवला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता खानापूर. रविवारी सकाळच्या लाल बसने आलो तेव्हा रात्रभर पाऊस पडून तुमचं मैदान लाल चिखलाने माखलं होतं. तुमच्या मुलीला मी आधी नुसता चेंडू धरून दाखवायला सांगितला. चेंडू जिथे सगळ्यात फुगीर, तिथे ती धरत होती, मोठ्या पंजाची पहिली मुलगी धरायची तसा. हिची बोटं दोरीच्या विणीपर्यंत पोचतच नव्हती आणि ओला चेंडू तळहातातून सरकत होता. म्हटलं, हात जरा मागे घे, चेंडू निमुळता होतो तिथे, आणि तर्जनी टोकाजवळ ठेव. तीन फेकी डुगडुगत गेल्या. चौथी गरगर फिरत, सरळ रेषेत गेली आणि समोरच्या पोरीच्या छातीवर थाड्कन बसली. तुमच्या खो-खोवालीने आपल्याच हाताकडे बघितलं. मग तिने न सांगता तो चेंडू ओढणीला पुसला आणि पुन्हा मागितला. (सामन्याला कमरेला एक कोरडा पंचा खोचून द्या. आपल्याकडच्या पावसात याला पर्याय नाही.)

मग मी तिला फोल्सला विचारला होता तोच प्रश्न विचारला. बराच वेळ ती पायाने चिखल उकरत राहिली. मग म्हणाली, “सर, उजवीकडं पळत पळत जवळच्या जवळ टाकायला येतंय मला. खरं मॅडम म्हणतात, उभं राहून टाक.” मॅडम, तुमच्यावर ठपका ठेवायला हे लिहीत नाही. मी स्वतः हेच केलंय, म्हणून मला ते ऐकू आलं.

उजवीकडे पळत टाकायला येतं, तर तिला उजवीकडेच पळवा. पहिलीची जागा सोडून द्या. त्यात आणखी एक फायदा असा की मैदान अर्धं होतं. डावीकडच्या बचावाकडे बघायचं कामच उरत नाही. कडेला एक मुलगी पाच वारांवर, तिच्या मागे एक दहा वारांवर, आणि दोघी झाकल्या असतील तर चेंडू सरळ रेषेबाहेर फेकून द्यायचा. तो फेकून देणंही शिकवा आणि केलं की शाबासकी द्या. नव्या क्वार्टरबॅकला इंटरसेप्शन तिथेच होतं, जिथे चेंडू टाकून देण्याची तिला लाज वाटते.

हिशेब करून बघा. पाचव्या वारावरून सुरुवात आणि मध्यरेषा पंचविसाव्यावर. वीस वार, चार संधी. एका संधीला पाच वार पडतात. पस्तीस वारांची फेक पहिलीची शोभा होती, नियमाने ती कुणी मागितलेली नाही. १९९१च्या २७ जानेवारीला न्यू यॉर्क जायंट्सनी असाच सुपर बोल जिंकला. त्यांचा फिल सिम्स जखमी होता, जागी जेफ हॉस्टेटलर आणि समोर बफेलोचं तुफान आक्रमण. जायंट्सनी ६० पैकी ४० मिनिटांवर चेंडू आपल्याकडेच ठेवला. तिसऱ्या सत्रात तर एकच आक्रमण साडेनऊ मिनिटं चाललं. निकाल २०–१९. छोटे पाऊल टाकत राहिलं की समोरचा चांगला संघ बाहेर नुसता उभा राहतो.

आरपीओ मी त्या रविवारी बसवून दिला, पण त्यावर रोज वीस मिनिटं घाला. खो-खोत पाठलाग करणारीला एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही, म्हणून ती आधी समोरचीची कंबर बघते आणि मग पाऊल टाकते. हा डोळा तुमच्या मुलीला आयता आहे. तिला फक्त मधली बचावपटू दाखवा. ती पुढे आली की मागे टाक, मागे सरकली की पळणारीला दे. त्या सकाळी दहापैकी आठ वेळा तिने बरोबर ठरवलं. चुकली त्या दोन्ही वेळा तुम्ही बाजूने ओरडून सांगत होता. डाव सुरू झाल्यावर गप्प राहा, एवढी विनंती.

बंदीच्या पाच वारांत मात्र आरपीओ चालत नाही, तिथे पळता येतच नाही. तिथल्यासाठी दोनच पासचे डाव वेगळे काढा आणि तेवढेच घोटा. बहुतेक संघ सगळं मैदान कापून येतात आणि नेमके तिथे येऊन गोंधळतात.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते स्नॅपला, म्हणजे डाव सुरू करताना सेंटर चेंडू मागे क्वार्टरबॅककडे टाकते तेव्हा. सेंटरची पोर पहिलीच्या उंचीला सवयीने चेंडू मागे टाकत होती, तो हिच्या डोक्यावरून जात होता. तुम्हाला तो हिचा दोष वाटला होता. दोघींना रोज एकत्र शंभर स्नॅप करू द्या, बाकीच्या पाणी पीत असतानासुद्धा. आणि डाव सुरू करायच्या मोजणीचा आवाज हिचा असू दे. २०२३ साली जोशुआ डॉब्ज मिनेसोटात आला आणि पाचव्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, अटलांटाविरुद्ध त्याला मैदानात उतरावं लागलं. कडेला उभं राहून त्याने पुढच्या फळीला आपला आवाज ऐकवला, आपली मोजणी समजावली. प्रशिक्षक केव्हिन ओ’कॉनेल हेल्मेटमधल्या रेडिओवरून त्याला डाव सांगत होते. संघ ३१–२८ जिंकला. तुमच्याकडे रेडिओ नाही, पण मनगट आहे. १९६५ साली बाल्टिमोरचे दोन्ही क्वार्टरबॅक जखमी झाले, तेव्हा टॉम मॅटी नावाच्या पळणाऱ्या खेळाडूला ती जागा घ्यावी लागली. त्याने सगळे डाव मनगटावरच्या पट्टीत लिहून घेतले. रॅम्सविरुद्ध जिंकले, ग्रीन बेविरुद्ध जादा वेळेत १०–१३ हरले, आणि ती पट्टी आज त्या खेळाच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. तुम्ही झेरॉक्सच्या कागदाला दोन्हीकडून सेलोटेप लावा आणि तिच्या मनगटाला बांधा. आठच डाव. नावं तिची तिला ठेवू द्या. तिने माझ्यासमोर आरपीओला ‘कुंदा’ आणि कडेच्या छोट्या पासला ‘करदंट’ म्हटलं आणि सगळ्या पोरी हसल्या. त्या दिवसात ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली.

एक सावध करतो. सगळं आक्रमण छोटं केलंत की समोरचा बचाव दोन डावांत पुढे सरकून बसेल. म्हणून तुमची सगळ्यात वेगवान पोर आधीसारखीच लांब पळत राहिली पाहिजे, चेंडू मिळणार नाही हे माहीत असूनही, पूर्ण जोरात. तिला बोलावून हे समजावून सांगा, कारण तिचं नाव कुठल्याच वहीत येणार नाही. आणि प्रत्येक सत्रात एकदा लांब चेंडू टाकाच, बाहेरच्या रेषेला धरून, अठरा वार तर अठरा. लागला नाही तरी चालेल. बचावाच्या मनात तो राहिला पाहिजे.

पकडणाऱ्या पोरींनाही बदलावं लागेल. पहिलीचा चेंडू उशिरा आणि जोरात यायचा. हिचा लवकर आणि हळू येतो. पाच पावलं, वळा आणि हात तयार ठेवा, कारण वळायच्या आधीच चेंडू हातातून सुटलेला असेल. हे जमायला मला आठवडा तरी लागेल असं दिसलं. तुमच्याकडे तेवढे दिवस आहेत. २९ नोव्हेंबर २०२० रोजी डेन्व्हरकडे नव्हते. कोविडच्या नियमामुळे सगळे क्वार्टरबॅक बाहेर बसले आणि आदल्या दिवशी केंडल हिंटन या रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, बोलावून घेतलं. कॉलेजात तो क्वार्टरबॅक होता, तरी ९ पैकी १ पास लागला आणि संघ ३–३१ हरला. त्या पोराचा त्यात काडीचा दोष नव्हता.

राहिली पहिली मुलगी, गळ्यात हात अडकवून झाडाखाली बसलेली. तिला घरी बसू देऊ नका. दर दोन डावांनी समोरच्या बचावात कोण पुढे येतंय एवढंच तिने बघायचं आणि दुसरीच्या कानात सांगायचं. मी निघताना त्या दोघी मनगटावरच्या कागदावर वाकून काहीतरी खोडत होत्या. काय, ते मी विचारलं नाही.

जाता जाता एवढं सांगतो की १६ ऑक्टोबर २०२३ला मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी फ्लॅग फुटबॉल मंजूर झाला, मुलांचा आणि मुलींचाही. तुमच्या प्राचार्यांना हे कात्रण दाखवा आणि नवे चेंडू मागून घ्या. तुमचे तीनही चेंडू गुळगुळीत झालेत.

प्रश्न : सर, मी कॅम्पातल्या एका फुटबॉल संघात राखीव गोलकीपर आहे. वय १९. दोन वर्षांत एकूण ४० मिनिटं खेळलोय. सराव करावासाच वाटत नाही. सोडून देऊ काय?
— एक खेळाडू, बेळगाव

उत्तर : बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. खोटा धीर देणार नाही. १९७२ साली अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी हंगामाच्या पाचव्या सामन्यात पाय मोडून बाहेर गेला. जागी आला अर्ल मोराल, ३८ वर्षांचा. त्याने संघाला एकही सामना हरू दिला नाही. तो संघ सगळेच्या सगळे १७ सामने जिंकला, आणि असा संपूर्ण हंगाम आजवर त्या लीगमध्ये दुसऱ्या कुणालाच जमला नाही. आणि अंतिम सामन्याला? ग्रीसी बरा झाला होता, तोच खेळला. मोराल पुन्हा बाकावर. असं होतं. तुझ्याही बाबतीत होऊ शकेल, हे धरून चाल.

आता तुझ्या हातात काय आहे ते बघ. प्रशिक्षकांकडे जा आणि प्रत्येक सरावात पहिल्या फळीच्या बचावपटूंसोबत पंधरा मिनिटं माग. राखीव कीपर नेहमी राखीव पोरांच्या मारावर तयार होतो आणि सामन्यात मुख्य बॅकला हाक कशी मारायची हेच त्याला माहीत नसतं. तुझे ते ४० मिनिटं कसे गेले ते तू लिहिलं नाहीस, पण मला वाटतं कॉर्नरच्या वेळी तुमच्यात बोलाचाली झाली नसेल. एक वही ठेव. समोरच्या संघातला कोण पेनल्टी कुठे मारतो, बाकावरून जेवढं दिसतं तेवढं आत उभं राहून दिसत नाही. मध्यंतराला पाच मिनिटं अंग गरम कर, कुणी सांगो न सांगो.

आणि सरळ विचार : “पुढच्या हंगामात मला कुठले सामने देणार?” उत्तर मिळालं तर त्या तारखांना धरून सराव कर. मिळालं नाही, तर दुसऱ्या संघाकडे जा. त्यात गद्दारी नाही. एकोणिसाव्या वर्षी कीपरला खेळायला मिळालंच पाहिजे.

रविवारी सकाळी सात वाजता मी टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला असतो. माझे दोन जुने विद्यार्थी तिथे चेंडू घेऊन येतात, दोघांचाही डावा पाय चांगला आहे. ग्लोव्हज घेऊन ये. कॉर्नरपासून सुरुवात करू.